१६ ऑगस्ट : संगीताच्या दिनविशेषात काय धरावे आणि काय सोडावे?

ध्वनिवेडी यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही काही जण मिळून दर महिन्याला एक तासाचा ध्वनिकार्यक्रम तयार करतो. एकच तारीख घ्यायची आणि त्या तारखेला निरनिराळ्या वर्षी लोकप्रिय संगीतात जे घडले ते गाण्यांच्या सोबतीने सांगायचे, असे त्याचे स्वरूप आहे. या वेळी माझ्या वाट्याला १६ ऑगस्ट ही तारीख आली आहे. चार-पाच नोंदी मिळतील आणि उरलेला वेळ गाण्यांना देता येईल, अशा अपेक्षेने मी वाचायला बसले, पण ही तारीख इतकी भरलेली निघाली की आता काय गाळावे हेच कळेनासे झाले आहे.

माझ्या वहीतील नोंदी वर्षांच्या क्रमाने सांगते. १९२९ साली जॅझ पियानोवादक बिल इव्हान्स यांचा जन्म झाला. १९३८ मध्ये मिसिसिपी राज्यातील ग्रीनवूड गावाजवळ अमेरिकी कृष्णवर्णीयांच्या ब्लूज या गायनशैलीचे गायक रॉबर्ट जॉन्सन वारले. १९५८ साली मॅडोना यांचा जन्म झाला. १९६२ मध्ये बीटल्सने आपले ड्रमवादक पीट बेस्ट यांना काढून टाकले. १९६९ चा १६ ऑगस्ट हा वुडस्टॉक महोत्सवाचा दुसरा दिवस होता. १९७४ मध्ये रामोन्स या चमूने न्यूयॉर्कच्या सीबीजीबी या क्लबमध्ये पहिल्यांदा वादन केले. १९७७ मध्ये एल्व्हिस प्रेस्ली, १९९७ मध्ये नुसरत फतेह अली खान, २००७ मध्ये जॅझ ड्रमवादक मॅक्स रोच आणि २०१८ मध्ये अरीथा फ्रँकलिन यांचे निधन झाले.

माझ्या अडचणी दोन आहेत. पहिली अशी की दिनविशेषाच्या याद्या एकमेकींवरून उतरवलेल्या असतात, त्यामुळे एखादी नोंद दहा ठिकाणी सापडली तरी ती दहा वेळा तपासली गेली आहे असे म्हणता येत नाही. दुसरी अडचण मला अधिक सतावते. वरची यादी मोठ्याने वाचून पाहिली तेव्हा ती श्रद्धांजली सभेसारखी ऐकू आली. एकामागून एक माणसे जातात आणि मध्ये कोणी तरी जन्माला येते, एवढेच त्यातून उरते. या सगळ्यांना एका तासात आणण्यासाठी तारखेखेरीज दुसरा काही धागा आहे का, की तो ओढूनताणून आणलेला ठरेल? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

जुनी तबकडी यांचे उत्तर

आपली पहिली अडचण मी आधी घेतो, कारण दुसरीचे उत्तर काही अंशी तिच्यातच दडलेले आहे असे मला वाटते. कोणतीही तारीख समोर आली की मी स्वतःला विचारतो, ही तारीख कोणी आणि केव्हा लिहून ठेवली? आपल्या यादीतील प्रत्येक नोंदीला हा प्रश्न विचारला तर प्रत्येकीची जातकुळी वेगळी असल्याचे दिसून येईल.

रॉबर्ट जॉन्सन यांचेच पाहा. त्यांच्या जन्माची तारीख ८ मे १९११ अशी दिली जाते, पण ती बहुधा बरोबर असावी एवढेच अभ्यासक म्हणतात. मृत्यूची तारीख मात्र पक्की आहे, आणि ती पक्की असण्यामागे एका माणसाची चिकाटी आहे. गेल डीन वॉर्डलो नावाचे संशोधक मिसिसिपीमधील जुन्या ब्लूज गायकांचा माग काढत सरकारी दप्तरे धुंडाळत असत, आणि १९६८ मध्ये त्यांच्या हाती जॉन्सन यांच्या मृत्यूचा दाखला लागला. म्हणजे माणूस जाऊन ३० वर्षे उलटल्यानंतर जगाला त्याची मृत्युतिथी कळली. त्या दाखल्यावर मृत्यूच्या कारणाच्या जागी केवळ डॉक्टर नव्हता एवढेच नोंदलेले आहे. विषप्रयोगाची आणि चौरस्त्यावर सैतानाशी केलेल्या सौद्याची कथा जगभर सांगितली जाते, पण लेखी पुरावा म्हणावा तो हा एवढासा कागद आहे. आपल्या कार्यक्रमात सैतानाची कथा न सांगता या कागदाची कथा सांगावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ती खरी आहे आणि अधिक हृदयस्पर्शीही आहे. ज्याने दोन बैठकांत, म्हणजे नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनियोला आणि जून १९३७ मध्ये डॅलसला, सारी मिळून २९ गाणी मुद्रित केली आणि ज्याच्या त्या २९ गाण्यांवर पुढे रॉक संगीताच्या पिढ्या वाढल्या, त्याच्यासाठी अखेरच्या क्षणी डॉक्टरही नव्हता.

वुडस्टॉकची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तेथे चार लाखांहून अधिक माणसे साक्षीला होती, चित्रीकरण झाले होते, तरीही तारखेचा घोळ होतोच. शनिवार, १६ ऑगस्टच्या कार्यक्रमपत्रिकेवर क्रीडेन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल, जॅनिस जॉपलिन, द हू आणि जेफरसन एअरप्लेन ही सगळी नावे होती. परंतु कार्यक्रम इतका लांबत गेला की क्रीडेन्स मंचावर आले तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती, द हू यांनी पहाटे वादन केले आणि जेफरसन एअरप्लेन यांची पाळी सकाळी उजाडल्यावर आली. पंचांगाप्रमाणे हे सर्व १७ ऑगस्टला घडले. क्रीडेन्सचे गायक जॉन फोगर्टी यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे की त्यांच्या समोरचे श्रोते झोपलेले होते. म्हणून १६ ऑगस्टच्या नावावर निःशंकपणे काही घालायचेच असेल तर दुपारी झालेले गिटारवादक कार्लोस सांताना यांच्या चमूचे वादन घालावे.

एल्व्हिस यांच्याबाबतीत प्रश्न घड्याळाचा आहे. मेम्फिस येथील रुग्णालयात दुपारी साडेतीन वाजता त्यांना मृत घोषित करण्यात आले. त्या वेळी लंडनमध्ये रात्रीचे साडेनऊ झाले होते आणि टोकियोत १७ ऑगस्टची पहाट उजाडली होती. जगातील कित्येक चाहत्यांच्या आठवणीत हा दिवस १७ ऑगस्ट म्हणूनच कोरलेला असेल, आणि त्यांना चुकीचे ठरवण्याचे कारण नाही. नियम म्हणून मात्र घटना जेथे घडली तेथील तारीख धरावी.

ध्वनिमुद्रिकांच्या प्रकाशनाच्या तारखा आपल्या यादीत नाहीत हे उत्तम झाले. त्या सर्वांत निसरड्या असतात. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या ध्वनिमुद्रिकेची ब्रिटनमधील अधिकृत तारीख १ जून १९६७ अशी आहे, पण दुकानांत ती २६ मेपासूनच विकली जाऊ लागली होती. देशोदेशीच्या तारखाही वेगळ्या असत. जगभर एकाच वारी, म्हणजे शुक्रवारी, नवे संगीत प्रसिद्ध करण्याची पद्धत १० जुलै २०१५ पासून सुरू झाली. लोकप्रियतेच्या साप्ताहिक याद्यांवर छापलेली तारीख तर एका दिवसाची नसतेच, ती आठवड्याची खूण असते. १६ ऑगस्ट १९६९ या तारखेच्या अमेरिकी यादीत झेगर आणि इव्हान्स यांचे इसवी सन २५२५ विषयीचे गाणे सलग सहाव्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर होते. वुडस्टॉकच्या माळरानावर जे ऐकले जात होते आणि देशात जे सर्वाधिक खपत होते त्यांतील अंतर दाखवण्यासाठी ही नोंद उपयोगी पडेल, पण ती त्या दिवशी घडली असे म्हणू नये.

दुसऱ्या अडचणीबद्दल माझे मत थोडे कठोर आहे. दोन माणसे एकाच तारखेला गेली यातून काहीही सिद्ध होत नाही. वर्षात दिवस ३६५ आणि संगीतकार हजारो, तेव्हा अशा जुळण्या प्रत्येक तारखेला निघतात. धागा शोधण्याच्या भरात योगायोगाला दैवी संकेताचे रूप येऊ नये.

मंद्र सप्तक यांचे उत्तर

‘जुनी तबकडी’ यांनी सांगितलेली शिस्त मला पूर्णपणे मान्य आहे, पण त्यांच्या शेवटच्या परिच्छेदावर मी थांबू शकत नाही. तारखेची जुळणी हा निव्वळ योगायोग असतो हे खरे. परंतु त्या जुळणीमुळे ज्या माणसांची नावे शेजारी येतात त्यांच्यात कधी कधी खरेखुरे, कागदोपत्री असलेले नाते निघते, आणि ती नावे शेजारी आली नसती तर आपण ते पाहिले नसते. १६ ऑगस्टच्या बाबतीत असे एक नाते मला फार मोलाचे वाटते.

१९३८ च्या डिसेंबरमध्ये संगीत निर्माते जॉन हॅमंड हे न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये एक मोठी मैफल भरवत होते. कृष्णवर्णीयांच्या भजनांपासून स्विंग या जॅझ प्रकारापर्यंतचा प्रवास एकाच रात्री प्रतिष्ठित रंगमंचावर मांडावा, अशी त्यांची कल्पना होती. त्या मैफलीसाठी त्यांना रॉबर्ट जॉन्सन हवे होते. शोध सुरू झाला तेव्हा जॉन्सन हयात नसल्याचे कळले. २३ डिसेंबरच्या त्या रात्री हॅमंड यांनी जॉन्सन यांच्या तबकड्या मंचावरून वाजवून दाखवल्या, आणि त्यांच्या जागी ब्लूज गायक बिग बिल ब्रून्झी गायले. हयात कलावंताऐवजी त्याची तबकडी कार्नेगी हॉलच्या श्रोत्यांसमोर फिरते आहे, हे दृश्य मला अनेक वर्षे विसरता आलेले नाही.

याच हॅमंड यांनी १९६० मध्ये अठरा वर्षांच्या एका मुलीचा आवाज ऐकला आणि तिला कोलंबिया या कंपनीशी करारबद्ध केले. ती मुलगी म्हणजे अरीथा फ्रँकलिन. १९६१ मध्ये कोलंबियाने अरीथा यांची त्या कंपनीतील पहिली ध्वनिमुद्रिका काढली, आणि त्याच वर्षी त्याच कंपनीने जॉन्सन यांची जुनी गाणी एकत्र करून दीर्घ तबकडीच्या रूपात प्रथमच लोकांसमोर आणली. त्या तबकडीमागेही हॅमंड यांची प्रेरणा होती. ब्रिटनमधील तरुण गिटारवादकांपर्यंत जॉन्सन पोहोचले ते याच तबकडीमुळे. म्हणजे १९३८ च्या १६ ऑगस्टला गेलेला गायक आणि २०१८ च्या १६ ऑगस्टला गेलेली गायिका यांना एकाच माणसाच्या कानांनी हेरले होते. या दोन मृत्यूंमध्ये ८० वर्षांचे अंतर आहे, आणि त्या अंतरात अमेरिकेच्या लोकप्रिय संगीताचा बहुतेक सारा इतिहास सामावलेला आहे.

दुसरे नाते एका गावाचे आहे. अरीथा यांचा जन्म २५ मार्च १९४२ रोजी मेम्फिसमध्ये झाला. एल्व्हिस १९४८ मध्ये तेरा वर्षांचे असताना आईवडिलांसोबत मेम्फिसला आले, १९५४ मध्ये तेथेच सॅम फिलिप्स यांच्या सन स्टुडिओत त्यांचे पहिले व्यावसायिक ध्वनिमुद्रण झाले, आणि तेथेच ते वारले. रॉबर्ट जॉन्सन यांच्या बालपणातील काही वर्षेही मेम्फिसमध्येच गेली. मिसिसिपीच्या खोऱ्यातील कापसाच्या मळ्यांतून उत्तरेकडे जाणाऱ्या माणसांचे ते पहिले मोठे शहर होते, त्यामुळे या तिघांची पावले तेथे उमटावीत यामागे योगायोगाहून अधिक काही आहे. ब्लूज, गॉस्पेल म्हणजे चर्चमधील भक्तिगीते आणि ग्रामीण गोऱ्यांचे गाणे या गावात एकमेकांना भेटत होते.

अरीथा यांच्याविषयी आणखी थोडे लिहिल्यावाचून राहवत नाही. त्यांचे वडील सी. एल. फ्रँकलिन हे नामांकित धर्मोपदेशक होते आणि डेट्रॉइटच्या त्यांच्या चर्चमध्येच अरीथा यांचा गळा घडला. कोलंबियाकडे असताना त्यांच्याकडून सभ्य, नेटकी, थोडीशी बेतलेली गाणी गाऊन घेतली जात होती. जानेवारी १९६७ मध्ये, अटलांटिक कंपनीकडे आल्यावर, त्या अलाबामातील मसल शोल्सच्या स्टुडिओत पियानोपाशी बसल्या आणि तेथून त्यांचा खरा आवाज बाहेर पडला. तेथे भांडण होऊन काम अर्धवट राहिले, मग उरलेले ध्वनिमुद्रण न्यूयॉर्कला झाले, आणि १४ फेब्रुवारी १९६७ रोजी त्यांनी गायक ओटिस रेडिंग यांचे ‘रिस्पेक्ट’ हे गाणे मुद्रित केले. रेडिंग यांनी १९६५ मध्ये ते घरी परतलेल्या पुरुषाच्या तोंडी घातले होते. अरीथा यांनी ते बाईच्या तोंडी आणले, त्यातील मागणीचा रोख फिरवला आणि बहिणींच्या कोरसने ते भरून टाकले. त्यानंतर त्या गाण्यावर त्यांचाच हक्क राहिला. १९८७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये समाविष्ट झालेल्या त्या पहिल्या स्त्री होत्या. आपल्या कार्यक्रमात कोणाला सर्वाधिक वेळ द्यावा असे विचाराल तर मी क्षणाचाही विलंब न लावता अरीथा यांचे नाव घेईन.

मॅडोना यांची नोंद येथेच जोडता येईल. त्या मिशिगन राज्यात जन्मल्या आणि डेट्रॉइटच्या उपनगरात वाढल्या. अरीथा डेट्रॉइटमध्ये वारल्या त्या दिवशी मॅडोना यांना ६० वर्षे पूर्ण झाली. चार दिवसांनी एका पारितोषिक समारंभात त्यांनी अरीथा यांच्याविषयी भाषण केले, पण ते स्वतःच्याच उमेदवारीच्या दिवसांभोवती फिरत राहिल्याने त्यांच्यावर बरीच टीका झाली. तरीही उमेदवारीच्या काळात निवड चाचणीला गेल्यावर आपण अरीथा यांचेच गाणे गायलो होतो, ही त्यांनी सांगितलेली आठवण मला बोलकी वाटते.

ध्वनिवेडी

आपणा दोघांची मी मनापासून ऋणी आहे. जॉन हॅमंड यांचे नाव मी दोन वेगवेगळ्या पानांवर लिहिले होते आणि तो एकच माणूस आहे हे माझ्या लक्षातच आले नव्हते. आता कार्यक्रमाचा मध्यभाग मला दिसू लागला आहे.

परंतु त्यामुळे एक नवी खंत निर्माण झाली. मेम्फिस आणि डेट्रॉइटचा धागा धरला तर नुसरत फतेह अली खान बाहेर पडतात. फैसलाबादला जन्मलेला आणि लंडनमध्ये वारलेला कव्वाल या अमेरिकी कथेत कोठे बसवायचा? त्यांना शेवटी पाच मिनिटे देऊन मोकळे व्हावे हे मनाला पटत नाही. रामोन्स आणि पीट बेस्ट यांचेही काय करावे हे मला अजून सुचलेले नाही.

खर्ज यांचे उत्तर

नुसरतसाहेब बाहेर पडत नाहीत. उलट, या तारखेतील सर्वांत विलक्षण दुवा त्यांच्याकडूनच जातो, आणि तोही मेम्फिसलाच जाऊन पोहोचतो.

जेफ बकली या अमेरिकी गायकाचे नाव आपण ऐकलेच असेल. ते नव्वदच्या दशकाच्या आरंभी न्यूयॉर्कमधील सिन-ए नावाच्या एका लहानशा कॅफेमध्ये एकटेच गिटार घेऊन गात असत. तेथे ते नुसरतसाहेबांची कव्वाली उर्दू शब्दांसह गात. १९९३ साली तेथे केलेले त्यांचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे, आणि त्यात ते श्रोत्यांना सांगतात की नुसरत हे माझे एल्व्हिस आहेत. पुढे १९९६ मध्ये त्यांनी एका मासिकासाठी नुसरतसाहेबांची मुलाखतही घेतली. २९ मे १९९७ रोजी हे बकली मेम्फिसमध्ये नदीत बुडून वारले. त्यांचे वय अवघे ३० होते आणि दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेच्या तयारीसाठी ते त्या गावी राहत होते. त्यानंतर अडीच महिन्यांनी, एल्व्हिस गेले त्याच तारखेला, बरोबर वीस वर्षांनी, नुसरतसाहेब लंडनच्या रुग्णालयात वारले. ‘जुनी तबकडी’ यांचा इशारा मी विसरलेलो नाही आणि यात दैवी संकेत आहे असे मी म्हणणार नाही. पण एका तरुण गायकाने १९९३ मध्ये या दोन नावांची सांगड स्वतःच्या तोंडाने घातली होती, हे तारखेवर अवलंबून नाही. ते त्याच्या ऐकण्यातून आले होते.

कार्यक्रमात नुसरतसाहेबांची ओळख पाश्चात्त्यांना चकित करणारा गायक अशी होऊ नये, याची मात्र काळजी घ्यावी. त्यांच्या घराण्यात कव्वालीची परंपरा कित्येक शतकांची होती. वडील उस्ताद फतेह अली खान १९६४ मध्ये वारले तेव्हा नुसरत पंधरा-सोळा वर्षांचे होते, आणि त्यांचे पहिले जाहीर गायन वडिलांच्या चाळिसाव्याच्या विधीत झाले. काका मुबारक अली खान यांच्यानंतर १९७१ मध्ये ते घराण्याच्या कव्वाल मंडळीचे प्रमुख झाले. म्हणजे जुलै १९८५ मध्ये ब्रिटिश गायक पीटर गॅब्रिएल यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या वोमॅड महोत्सवात, एसेक्समधील मर्सी बेटावर, त्यांनी मध्यरात्रीनंतर गाणे सुरू केले तेव्हा ते नवखे नव्हते. पक्की तालीम आणि चौदा वर्षांचे नेतृत्व पाठीशी असलेला तो गवय्या होता. समोरच्या बहुसंख्य श्रोत्यांना त्या भाषेतला एक शब्दही कळत नव्हता, आणि तरीही पहाटेपर्यंत ते बसून राहिले.

मला असे वाटते की त्या रात्री जे पोहोचले ते सरगमच्या बळावर पोहोचले. अनेक कव्वाल सरगम चवीपुरती घेतात. नुसरतसाहेब तिला थेट कव्वालीच्या मध्यभागी आणतात, टाळ्यांचा ठेका चालू असतानाच अतिद्रुत तानांमध्ये स्वरनामे उच्चारत जातात आणि नेमके समेवर येऊन शब्द पुन्हा उचलतात. शब्दांचा अर्थ न कळणाऱ्याला येथे काहीच गमवावे लागत नाही, कारण तेथे अर्थ स्वरांचाच असतो. अरीथा यांच्या चर्चमधील गाण्यातही नेमकी अशीच एक वेळ येते, जेव्हा एकच शब्द पुन्हा पुन्हा घोळवला जातो, कोरस त्याला उत्तर देत राहतो, आणि हळूहळू शब्द विरघळून केवळ पुकार उरते. जानेवारी १९७२ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका चर्चमध्ये दोन रात्री मुद्रित झालेले त्यांचे भक्तिगायन आणि नुसरतसाहेबांची एखादी दीर्घ कव्वाली एकामागून एक लावून पाहावी. मुख्य गायक, उत्तर देणारी मंडळी, टाळ्या, चढत जाणारी लय आणि देवाला मारलेली हाक, ही मांडणी दोहोंकडे आहे. या दोन परंपरांचा एकमेकींशी ऐतिहासिक संबंध आहे असा माझा दावा नाही. कानाला जे ऐकू येते ते मी सांगतो आहे, आणि आपला कार्यक्रम ऐकण्याचाच आहे.

ठेका यांचे उत्तर

मी स्वतः ड्रम वाजवते, त्यामुळे ही यादी वाचताना माझे लक्ष वेगळ्याच ठिकाणी गेले. आपण ज्या नोंदी उरल्या म्हणून बाजूला ठेवल्या आहेत त्या जवळजवळ सर्व ड्रमवादकांच्या आहेत. पीट बेस्ट, सांताना यांच्यासोबत वुडस्टॉकला वाजवणारे मायकल श्रीव्ह, रामोन्समधील टॉमी आणि मॅक्स रोच. गायकांच्या कथेच्या मागे ड्रमवादकांची ही दुसरी कथा चालू द्यावी, असे मी सुचवते.

१६ ऑगस्ट १९६२ ला बीटल्सचे व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन यांनी पीट बेस्ट यांना लिव्हरपूलमधील आपल्या कार्यालयात बोलावले आणि सहकाऱ्यांना ते नको असल्याचे सांगितले. हॅम्बुर्गच्या पहिल्या दौऱ्यापासून दोन वर्षे सोबत वाजवलेले लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन यांपैकी एकही जण तेथे हजर नव्हता. जूनमधील चाचणीनंतर निर्माते जॉर्ज मार्टिन यांना बेस्ट यांच्या वादनाने समाधान झाले नव्हते हे खरे आहे, परंतु त्यांचा विचार ध्वनिमुद्रणापुरता दुसरा वादक घेण्याचा होता. त्या संध्याकाळी चेस्टरला कार्यक्रम ठरलेला होता. बेस्ट गेले नाहीत, आणि दुसऱ्या एका चमूतील जॉनी हचिन्सन यांनी वेळ निभावून नेली. दोन दिवसांनी रिंगो स्टार रुजू झाले. पुढच्याच दिवशी कॅव्हर्न क्लबमध्ये बेस्ट यांच्या चाहत्यांनी गोंधळ घातला आणि त्या धुमश्चक्रीत हॅरिसन यांचा डोळा काळानिळा झाला. बेस्ट यांची कथा सांगताना बहुतेक जण थोडे हसून सांगतात, आणि ते मला अजिबात आवडत नाही. रिंगो यांचे वादन अधिक सरस होते, या निवडीत संगीताच्या दृष्टीने चूक झाली नाही असे माझे स्पष्ट मत आहे. पण चमूच्या उमेदवारीच्या काळात शेकडो रात्री ज्याने ठेका धरला त्याला मित्रांनी स्वतः येऊन सांगायला हवे होते. बीटल्सच्या १९९५ च्या संग्रहात बेस्ट यांचे जुने वादन समाविष्ट झाले आणि त्याचे मानधन त्यांना मिळाले, हे कार्यक्रमात अवश्य सांगावे.

वुडस्टॉकला श्रीव्ह नुकतेच २० वर्षांचे झाले होते. सांताना यांची पहिली ध्वनिमुद्रिका तेव्हा बाजारात आलेली नव्हती, म्हणजे समोरच्या बहुतेकांना हा चमू ठाऊकही नव्हता. पुढच्या वर्षी आलेल्या वुडस्टॉकवरील चित्रपटात श्रीव्ह यांचे एकल वादन आहे. त्यात ते एका टप्प्यावर आवाज अगदी खाली आणतात आणि तेथून पुन्हा चढवत नेतात. मैदानात एवढी माणसे समोर असताना आवाज कमी करण्याचे धैर्य त्या वयात त्यांच्याकडे होते.

रामोन्सच्या बाबतीत गंमत अशी की आरंभी जोई हे ड्रम वाजवत आणि टॉमी हे व्यवस्थापक म्हणून काम पाहणार होते. जोई गायनाकडे वळल्यावर दुसऱ्या वादकांना चमूला हवा असलेला सरळ, न थांबणारा ठेका जमेना, तेव्हा टॉमी स्वतःच ड्रमपाशी बसले. १६ ऑगस्ट १९७४ ला सीबीजीबीमध्ये हीच रचना मंचावर आली. ग्रामीण गीते, ब्लूग्रास आणि ब्लूज या तीन शब्दांवरून ज्याचे नाव पडले त्या क्लबमध्ये पुढे पंक हा वेगवान, साधा रॉक प्रकार रुजला, त्याच्या मुळाशी हा ठेका आहे.

मॅक्स रोच यांना शक्य झाल्यास अधिक वेळ द्यावा. चाळीसच्या दशकात केनी क्लार्क आणि त्यांनी लय धरण्याचे काम पायाखालच्या मोठ्या ड्रमवरून झांजेवर नेले. त्यामुळे पाय आणि डावा हात मोकळा झाला आणि ड्रमवादक गायक-वादकांशी संवाद साधू लागला. सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर यांचे द्रुत वादन त्यांच्याशिवाय कल्पनेत आणता येत नाही. १९६० मध्ये त्यांनी नागरी हक्कांच्या लढ्यावर एक संपूर्ण रचना मुद्रित केली, ज्यात अ‍ॅबी लिंकन यांच्या गायनात शब्दच नसलेली एक दीर्घ किंकाळी आहे. ‘खर्ज’ यांनी म्हटलेली पुकार ही तीच.

जुनी तबकडी

हॅमंड आणि बकली यांचे दुवे वाचल्यानंतर माझा शेवटचा परिच्छेद मी सौम्य करतो. माझा आक्षेप तारखेला कारण मानण्याला होता, आणि येथे तसे कोणी केलेले नाही.

बिल इव्हान्स यांच्याबाबत एक सूचना राहिली. त्यांच्या वाढदिवसाला जोडून ‘काइंड ऑफ ब्लू’ या जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या ध्वनिमुद्रिकेचा उल्लेख करण्याचा मोह आपल्याला होईल, कारण तिच्यात पियानो बहुतांशी इव्हान्स यांचा आहे आणि वेष्टनावरील टिपणही त्यांनीच लिहिले आहे. पण ती १७ ऑगस्ट १९५९ ला प्रसिद्ध झाली, म्हणजे त्यांच्या तिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी. ती घ्यायचीच असेल तर तारीख स्पष्ट सांगून घ्यावी.

ध्वनिवेडी

सर्वांचे आभार. क्रम आता असा ठरवला आहे. आरंभ कार्नेगी हॉलच्या मंचावर फिरणाऱ्या तबकडीने होईल आणि तेथून मागे वळून ग्रीनवूडचा दाखला येईल. मग मेम्फिस, एल्व्हिस, आणि सिन-एमधील बकली यांच्या तोंडून नुसरतसाहेबांचा प्रवेश. त्यांची कव्वाली आणि अरीथा यांचे चर्चमधील गायन मध्ये एक शब्दही न बोलता सलग ऐकवीन. गाण्यांच्या मधल्या जागांत बेस्ट, श्रीव्ह, टॉमी आणि रोच येतील. मॅडोना यांना एकच वाक्य मिळेल, आणि वुडस्टॉकचे मध्यरात्रीनंतरचे सर्व वादन मी गाळले आहे, कारण ते १७ ऑगस्टचे आहे. इव्हान्स यांच्या पियानोसाठी शेवटची तीन मिनिटे राखून ठेवली आहेत. त्यांत १७ तारखेची ती ध्वनिमुद्रिका घेणार नाही, त्यांच्या त्रयीचे एखादे वादन शोधते आहे.